वाढत्या अंगाचे कपडे

मराठी घरांत एक शब्दप्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जून महिना जवळ आला, शाळेचा गणवेश घेण्याची वेळ झाली, की आई दुकानदाराला सांगते, ‘वाढत्या अंगाचा द्या.’ मग बाही कोपराखाली लोंबते, पँट खालून दोनदा दुमडावी लागते आणि मुलगा त्या कपड्यांत हरवून जातो. यात गैर काहीच नाही. मूल वाढणार असते, पैसा जपून खर्चायचा असतो आणि वर्ष सरता सरता तो गणवेश अंगाला बसतोही. वाचकहो, अडचण आहे ती पुढे. विशीत उंचीची वाढ थांबते; परंतु आपल्यातील कित्येक ठेंगणे पुरुष त्यानंतरही वाढत्या अंगाचेच कपडे घालीत राहतात. खांद्यावरून उतरलेला शर्ट, बोटांपर्यंत आलेल्या बाह्या, घोट्याशी गोळा झालेली पँट. जणू अजून दोन इंच यायचे आहेत आणि कापड त्यांची वाट पाहत आहे.

माझी उंची ५ फूट २ इंच आहे. वयाची ५५ वर्षे पूर्ण झाली असल्यामुळे आता काही यायचे उरलेले नाही, हे मी निःशंकपणे सांगू शकतो. सोलापुरातील एका तयार कपड्यांच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो. गिरण्यांचे आणि चादरींचे हे शहर आज शालेय गणवेशांसाठीही ओळखले जाते. येथे शिवलेले गणवेश महाराष्ट्राबाहेरही दूरवर जातात. तीस वर्षे कात्रीच्या आवाजाशेजारी बसून आकडेमोड करताना कपडा आणि शरीर यांच्या नात्याविषयी जे उमगले, ते तुमच्यापुढे ठेवीत आहे. घरात उंचीने कमी असलेला पती, भाऊ वा मुलगा असेल आणि त्याच्या कपड्यांची खरेदी तुमच्याकडे असेल, तर हे लेखन तुमच्यासाठीही आहे.

चार बोटांचे अंतर

प्रथम उंचीचा हिशेब नीट मांडू. जगभरातील उंचीच्या नोंदी एकत्र करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, १९९६ साली जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटिमीटर, म्हणजे ५ फूट ५ इंचांच्या आसपास आहे. नेदरलँड्समधील पुरुषांची सरासरी त्याच अभ्यासात १८२.५ सेंटिमीटर आढळली. आपल्या मनातील ‘भारदस्त पुरुष’ हा बहुधा जाहिरातीतून आणि चित्रपटाच्या पडद्यावरून आलेला असतो. त्याची उंची आपल्या गल्लीतील माणसांची नसतेच. माझ्यात आणि या देशातील सरासरी तरुणात जे अंतर आहे, ते सात-साडेसात सेंटिमीटरांचे. हाताची चार बोटे आडवी धरा, तेवढेच.

पण या चार बोटांवर शब्द किती चढवले जातात! ठेंगू, बुटका, टिल्लू. सोलापुरात त्यात ‘गिड्डा’ या शब्दाची भर पडते. कानडीचा शेजार असल्याने तो इकडच्या मराठीत सहज रुळला आहे. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी सर्वांत पुढे उभा असे, आणि मागून हा शब्द दबक्या आवाजात माझ्यापर्यंत पोहोचत असे. मोठेपणी तोच शब्द वधूवर सूचक मंडळाच्या अर्जातील ‘उंची’ या रकान्यात सभ्य रूप घेऊन येतो. तेथे किती पुरुष स्वतःला एक-दोन इंच बहाल करून घेतात, हे विवाह जुळवणाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

सांत्वनासाठी आपल्याकडे एक म्हण तयार आहे : मूर्ती लहान, पण कीर्ती महान. लालबहादूर शास्त्री, सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर ही नावे लगोलग पुढे केली जातात. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तरीही त्यातील ‘पण’ मला नेहमी खटकत आला आहे. उंच माणसाने नुसते असले तरी चालते. ठेंगण्याने मात्र आपल्या उंचीची भरपाई कीर्तीने करायची, असा त्याचा अर्थ होतो. बँकेत, शाळेत, दुकानात काम करणाऱ्या साध्या माणसाला कीर्ती नको असते. चारचौघांत संकोच न वाटता उभे राहता यावे, एवढीच त्याची इच्छा असते. कपड्यांचे काम इतकेच आहे, आणि ते त्यांच्याकडून खरोखर होऊ शकते.

दोष अंगाचा नव्हे, मापाचा

तयार शर्ट आपल्याला नीट बसत नाही, तेव्हा आपण मनातल्या मनात स्वतःच्या शरीराला दोष देतो. कारखान्यात बसल्यावर याचे खरे कारण कळते. शर्टाच्या मापांची चढती मालिका मुख्यतः छातीवर आधारलेली असते. ३८ वरून ४०, ४० वरून ४२ असे जाताना छातीबरोबर शर्टाची लांबी, बाही आणि खांदाही थोडाथोडा वाढवला जातो. छाती भरदार असलेला माणूस उंचही असणार, हे त्यात गृहीत धरलेले असते. ज्याची छाती ४२ आहे आणि उंची ५ फूट २ इंच, त्या माणसासाठी त्या मालिकेत जागाच नसते. तो ४२ चा शर्ट घेतो, आणि तो शर्ट मांड्यांवर येतो.

आपल्या देशाची स्वतःची प्रमाणित मापे असावीत, यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निफ्ट’ने, ‘इंडिया साइज’ हा प्रकल्प हाती घेतला. १५ ते ६५ या वयोगटातील २५ हजारांहून अधिक भारतीयांची त्रिमितीय यंत्रांनी मापे घेणे, ही त्यातील योजना. भारतीय अंगाची मापे भारतातच मोजावी लागतात, हे त्यामागचे तत्त्व प्रत्येक ठेंगण्या ग्राहकाला धीर देणारे आहे. दुकानातल्या आरशासमोर अवघडून उभे असताना एवढे आठवावे : हा शर्ट माझी छाती मोजून शिवलेला आहे, मला मोजून नव्हे.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे. तयार कपडा ही अर्धवट झालेली वस्तू समजावी आणि उरलेले काम शिंप्याकडून पूर्ण करून घ्यावे. कपड्याच्या किमतीतच दुरुस्तीचा खर्च धरून चालावे. आपल्या गावांत आणि पेठांत दुरुस्ती करून देणारे शिंपी अजून टिकून आहेत, ही आपली मोठी सोय आहे. परदेशात राहणारे माझे नातलग सुट्टीवर सोलापुरात आले, की बॅगेत चार पँटी घेऊनच येतात.

मास्तरांची शिकवण

आमचे कटिंग मास्तर घरी तेलुगू, बाजारात कानडी आणि आमच्याशी मराठी बोलत. माणूस दारातून आत येईपर्यंत त्यांना त्याचे माप कळलेले असे. त्यांच्याकडून ऐकलेले आणि स्वतः वापरून पाहिलेले असे येथे सांगतो.

खरेदी करताना पहिली नजर खांद्यावर ठेवा. शर्टाची खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशीच आली पाहिजे. लांबी कमी करता येते, बाजू आत घेता येतात; उतरलेला खांदा मात्र सहजी दुरुस्त होत नाही. खांदा बसत नसेल, तर कापड कितीही सुंदर असले तरी तो शर्ट परत ठेवा.

पूर्ण बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी. अर्धी बाही कोपराला टेकली, की हात आखूड दिसतो. ती दंडाच्या मध्याच्या किंचित खाली संपावी. शर्ट बाहेर सोडणार असाल, तर त्याची खालची कड पँटच्या चेनच्या मध्यावर यावी, त्याखाली नको. ठेंगण्या माणसाचे पाय जितके दिसतील तितके त्याच्या हिताचे, आणि लांब शर्ट नेमके पायच झाकून टाकतो. लग्नसमारंभातील झब्ब्यालाही हाच न्याय लावा. तो गुडघ्याच्या वर असला, तर अंगावर शोभतो. पोटरीपर्यंत आला, तर दुसऱ्याकडून मागून आणल्यासारखा दिसतो.

पँट पोटाखाली घसरवून बांधण्याची सवय सोडावी. कंबर जेथे आहे तेथेच पँट बांधली, तर पाय आपल्या खऱ्या लांबीचे दिसतात. पँटची कड बुटावर अलगद टेकली की थांबावे. घोट्याशी कापडाची एकही जादा घडी नको. ही एकच दुरुस्ती करायची ठरवली, तरी माणूस बदललेला दिसतो. कितीतरी जणांना मी केवळ पँटची लांबी कमी करून घेण्याचा आग्रह केला आहे, आणि नंतर ‘तब्येत सुधारली का?’ अशी विचारणा त्यांच्या वाट्याला आलेली पाहिली आहे.

रंगांच्या बाबतीत एकच सूत्र पुरे. पांढरा शर्ट आणि काळी पँट या जोडीने अंगाचे कंबरेशी दोन तुकडे होतात. वरचा आणि खालचा रंग एकमेकांजवळचा असला, तर पाहणाऱ्याची नजर न अडखळता वरून खाली जाते. पट्टाही पँटच्या रंगाशी मिळता असावा. नक्षीचे प्रमाण अंगाच्या प्रमाणात ठेवावे. आमच्या सोलापुरी चादरीवरील मोठी नक्षी पलंगभर पसरली, की डोळे निवतात. तीच शर्टावर आली, तर नक्षी तेवढी दिसते आणि माणूस दिसत नाही.

उभ्या पट्ट्यांविषयी मात्र आपली समजूत तपासून घ्यावी. उभ्या रेघांनी माणूस उंच दिसतो, असे सर्रास सांगितले जाते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते, की आडव्या रेघांनी भरलेला चौरस उलट अधिक उंच आणि अरुंद भासतो. २०११ साली इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनाही आडव्या पट्ट्यांमुळे व्यक्ती अधिक जाड दिसत असल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा तुमच्या आवडीचा आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट खुशाल घाला, फक्त तो मापाचा असू द्या. रेघ कोणत्या दिशेला जाते यापेक्षा शिवण कोठे येते, याला महत्त्व अधिक.

टाच, कंबर आणि पाठ

माझी पत्नी माझ्याहून इंचभर उंच आहे. विवाहाच्या दिवशी छायाचित्रकाराने मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सुचवले, की पायाखाली दोन विटा ठेवू या, धोतराने झाकल्या जातील. मी म्हणालो, ‘आमच्या जिल्ह्यात विटेवर उभे राहण्याचा मान पंढरपूरच्या विठोबाचा आहे, तो त्याच्याकडेच राहू द्या.’ मंडळी हसली आणि छायाचित्र जसे व्हायचे तसेच झाले. आज ते आमच्या बैठकीच्या खोलीत आहे.

हल्ली या विटा बुटाच्या आत शिरल्या आहेत. उंची वाढवून दाखवणारे जाड तळवे आणि छुप्या टाचांचे बूट तरुण मुले सर्रास मागवतात. बुटाला असते तेवढी साधी टाच ठीक आहे. परंतु टाच दोन-अडीच इंच उचलली, की शरीराचा भार पंजाच्या पुढील भागावर जातो, घोटा अस्थिर होऊन मुरगळण्याची शक्यता वाढते आणि दीर्घकाळच्या वापराने पोटरीचे स्नायू व टाचेमागचा स्नायुबंध आखडू लागतात. शिवाय घरी पोहोचल्यावर बूट दाराबाहेर काढावेच लागतात. आपल्याकडे तर पाहुणा म्हणून गेल्यावरही.

दुसरे टोक घट्ट कपड्यांचे. अंगाबरोबर बसणारा कपडा आणि अंग आवळणारा कपडा यांत फरक आहे. पोटावर करकचून आवळलेल्या पट्ट्याने छातीतील जळजळ वाढू शकते. अतिशय घट्ट पँटने मांडीच्या बाहेरील बाजूची नस दाबली जाऊन तेथे बधिरता आणि मुंग्या येऊ शकतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. अशा उन्हात घट्ट आणि कृत्रिम धाग्याचे कपडे घातले, तर घामोळे येते आणि जांघेत नायटा उद्भवण्यास अनुकूल स्थिती तयार होते. म्हणून उन्हाळ्यात सुती कापड, मापाचा खांदा आणि अंगाभोवती वारा खेळेल एवढी सैल शिवण, हा मध्यम मार्ग उत्तम.

उंचीचा जो भाग खरोखर आपल्या हातात आहे, तो पाठीच्या कण्यात आहे. सकाळी उठल्यावर आपण संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर अधिक उंच असतो. दिवसभराच्या भाराने मणक्यांमधील चकत्या दबतात आणि रात्रीच्या विश्रांतीत पूर्ववत होतात. पोक काढून बसल्याने मात्र आपण याहून कितीतरी अधिक उंची विनाकारण गमावतो. ठेंगण्या माणसाला वर पाहून बोलावे लागते. त्यामुळे हनुवटी पुढे काढण्याची आणि खांदे आत ओढण्याची सवय त्याला नकळत जडते. मान आणि पाठीच्या स्नायूंना बळ देणारा नियमित व्यायाम येथे उपयोगी पडतो. समोरचा माणूस फार उंच असेल, तर अर्धे पाऊल मागे सरकून बोलावे. मानेला आराम मिळतो आणि संवादही बरोबरीचा होतो.

घरातील ज्येष्ठांकडेही लक्ष असू द्या. चाळिशीनंतर दर दशकाला सुमारे एक सेंटिमीटर उंची कमी होत जाते. वडिलांची दहा वर्षांपूर्वी मापात बसणारी पँट किंवा लेंगा आज पायात येऊ लागला असेल, तर तो अडखळून पडण्याचे निमित्त होऊ शकतो. त्याची लांबी लगेच कमी करून घ्या. उंची थोड्या काळात चार-पाच सेंटिमीटरांनी घटलेली आढळली किंवा पाठीत नव्याने बाक आला, तर मणक्यांच्या ठिसूळपणाची तपासणी करून घेणे आवश्यक असते.

घरातील मुलासाठी

माझा मुलगा १७ वर्षांचा असताना त्याने भावकीतील लग्नांना येणे हळूहळू बंद केले. कारण विचारल्यावर तो अभ्यासाचे नाव सांगे. पुढे त्याच्या टेबलाच्या खणात उंची वाढवणाऱ्या भुकटीचा डबा सापडला, तोही शिकवणीच्या पैशांतून घेतलेला. मी त्याला रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मिळून डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी त्याच्या डाव्या हाताच्या पंजाचे व मनगटाचे क्ष-किरण चित्र काढले आणि त्यालाच समजावून सांगितले. हाडांच्या टोकांशी कूर्चेचे थर असतात; उंची त्यांच्यामुळे वाढते. मुलांमध्ये साधारणतः १६ ते १८ वर्षांच्या सुमारास ते थर हाडात मिसळून जातात. त्यानंतर कोणतीही भुकटी, लोंबकळण्याचा कोणताही व्यायाम उंची वाढवू शकत नाही. रशियातील इलिझारोव यांनी विकसित केलेल्या पद्धतीने हाड कापून रोज सुमारे एक मिलिमीटर या गतीने लांबवता येते. परंतु ती पद्धत मुळात अपघात आणि व्यंगांवरील उपचारांची आहे. तिला अनेक महिने लागतात; वेदना, जंतुसंसर्ग, नसांना इजा आणि सांध्यांचा ताठरपणा हे तिचे धोके आहेत.

बाहेर पडल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, ‘म्हणजे आता एवढीच.’ मी म्हणालो, ‘हो, एवढीच. आता हिच्या मापाचे कपडे शिवू.’ त्याच संध्याकाळी आम्ही मास्तरांकडे गेलो. अंगाला टेप लावून त्याची मापे घेतली जाण्याची ती पहिलीच वेळ होती. तोवर सगळे कपडे वाढत्या अंगाचेच आले होते. मास्तरांनी आकडे मोठ्याने उच्चारले, मी वहीत लिहून घेतले. त्या आकड्यांत चांगले-वाईट काही नव्हते. पुढच्या महिन्यात चुलत बहिणीचे लग्न होते. तो आला, आणि छायाचित्राच्या वेळी पहिल्या रांगेत उभा राहिला.

ज्यांची मुले लहान आहेत, त्यांनी मात्र वेळेतच जागरूक असावे. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारणतः पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. भिंतीवर खूण करून दर सहा महिन्यांनी उंची नोंदवा. वर्षाची वाढ चार-पाच सेंटिमीटरांहून कमी असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. अपुरे पोषण, थायरॉइडची कमतरता, गव्हाचे पचन न होण्याचा विकार, मूत्रपिंडाचे आजार, वाढीच्या संप्रेरकाची उणीव अशी कारणे वेळीच सापडली, तर बहुतेकांवर उपचार आहेत. मात्र आईवडीलच ठेंगणे असतील आणि मूल निरोगी असेल, तर ती त्याची स्वाभाविक घडण आहे. उंची मुख्यतः आनुवंशिकतेने ठरते. तेथे औषध नको. घरातील ‘टिल्लू’सारखी लाडाची हाक तेवढी थांबवा.

बारा बंद

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत सोलापूरचे रस्ते पांढरेशुभ्र होतात. सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीत भक्त पांढरी बाराबंदी घालून चालतात. त्या गर्दीत उंच आणि ठेंगणे शेजारी शेजारी असतात. तरी कोणी कपड्यांत हरवलेला दिसत नाही. भक्तिभाव हे त्याचे मोठे कारण आहेच. परंतु शिवणीच्या व्यवसायात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला दुसरेही एक कारण दिसते. बाराबंदीला बटणे नसतात, बंद असतात, आणि बंद ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे बांधला जातो. वरपासून खालपर्यंत एकच रंग असतो. आपल्या पूर्वजांनी मापाचा प्रश्न किती सहजतेने सोडवला होता!

तेव्हा या रविवारी एक काम करा. कपाट उघडा आणि सर्व शर्ट एकामागून एक घालून केवळ खांदा तपासा. खांदा उतरलेले बाजूला काढा आणि ज्याला ते बसतील त्याला देऊन टाका. राहिलेल्यांपैकी एक शर्ट आणि एक पँट घेऊन शिंप्याकडे जा. बूट घालूनच जा, म्हणजे लांबी नेमकी ठरेल. मापे घेताना पोट आत ओढू नका, टाचा उचलू नका. सहज, सरळ उभे राहा आणि मापे एका कागदावर लिहून घेऊन पाकिटात ठेवा. पुढच्या खरेदीला तो कागद सोबत असू द्या. दुकानदार सवयीने म्हणेल, ‘एक साइज मोठा घ्या, धुतल्यावर बसेल.’ त्याला नम्रपणे सांगा, की आमचे अंग वाढायचे थांबले आहे.